म्हाताऱ्या होत चाललेल्या कुत्र्या-मांजराची नोंदवही कशी ठेवावी

"हे कधीपासून आहे?" वयस्क कुत्रा किंवा मांजर घेऊन दवाखान्यात गेले की पशुवैद्य हा प्रश्न हमखास विचारतात, आणि बहुतेक घरांतून त्याचे उत्तर "झाले असतील दोन-चार आठवडे" असे अंदाजपंचेच येते. आमच्या घरीही तेच झाले. कुत्रा पाणी जास्त पितो हे सगळ्यांच्या लक्षात आले होते, पण उन्हाळा असल्यामुळे कोणी ते मनावर घेतले नाही. पुढे लसीकरणाच्या पुस्तिकेतले जुने वजन ताज्या वजनाशी ताडून पाहिले, तेव्हा कळले की उन्हाळा सुरू होण्याच्या बऱ्याच आधीपासून तो उतरत चालला होता. त्या दिवशी घरात एक दोनशेपानी वही आली. अशी वही कशी ठेवावी, तिच्यात काय लिहावे आणि कोणत्या नोंदीवरून केव्हा हालचाल करावी, हे पुढे सांगितले आहे.

पाळीव प्राण्यांच्या वार्धक्यावरचे संशोधन म्हटले की डोळ्यांपुढे प्रयोगशाळा उभी राहते, परंतु त्या संशोधनाचा फार मोठा भाग अशाच घरगुती नोंदींवर आधारलेला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि टेक्सस ए अँड एम विद्यापीठ यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'डॉग एजिंग प्रोजेक्ट'मध्ये २०१९ पासून ५० हजारांहून अधिक कुत्र्यांची नोंद झाली असून, त्यांची माणसे खाणे, फिरणे, आजार आणि वागणूक यांविषयीच्या प्रश्नावल्या वर्षानुवर्षे भरून देत आहेत. मॉरिस अ‍ॅनिमल फाउंडेशनने २०१२ मध्ये सुरू केलेल्या गोल्डन रिट्रीव्हरच्या आयुष्यभराच्या अभ्यासात ३ हजारांवर कुत्रे आहेत आणि तिथेही दरवर्षीची तपासणी व मालकांची उत्तरे हाच कच्चा माल आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी पहिल्या प्रकल्पाची चौकशी जरूर करावी, कारण तो तिथल्या कुत्र्यांसाठीच असला तरी त्यात जातिवंत आणि संकरित असा भेद केलेला नाही.

वही केव्हा सुरू करावी

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा हिशेब सोयीचा असला तरी चुकीचा आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे शंभर लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयोमानानुसार उमटणाऱ्या रासायनिक खुणा माणसांतल्या तशाच खुणांशी ताडून पाहिल्या. त्यातून निघालेल्या सूत्रानुसार १ वर्षाचा लॅब्रॅडॉर साधारण ३१ वर्षांच्या माणसाइतका, ४ वर्षांचा ५३ वर्षांच्या माणसाइतका आणि १२ वर्षांचा सुमारे ७० वर्षांच्या माणसाइतका ठरतो. म्हणजे वय सुरुवातीला झपाट्याने धावते आणि नंतर मंदावते. हे सूत्र एकाच जातीवरून काढलेले आहे, त्यामुळे ते घरच्या पॉमेरेनियनला किंवा गावठी कुत्र्याला जसेच्या तसे लावू नये. शिवाय कुत्र्यांमध्ये आकार मोठा तितके आयुष्य कमी असा उलटा नियम दिसतो. ग्रेट डेन सहा-सात वर्षांतच म्हातारा दिसू लागतो, तर छोटा डॅक्सहुंड त्याच वयात अंगणात धुमाकूळ घालत असतो.

म्हणून मोठ्या अंगाच्या कुत्र्याची वही पाचव्या-सहाव्या वर्षी, लहान कुत्र्याची आठव्या वर्षाच्या सुमारास आणि मांजराची सातव्या-आठव्या वर्षी सुरू करावी. प्राणी ठणठणीत असतानाच सुरू करण्याचे कारण असे की पुढे तुलना करायची ती त्याच्या स्वतःच्या तरुणपणाशी. तक्त्यातल्या सरासरी कुत्र्याशी नव्हे. पहिल्या पानावर जन्मतारीख किंवा अंदाजे वय, नसबंदी झाली असल्यास तिची तारीख, जुने आजार, चालू औषधे आणि खाद्याचे नेमके प्रमाण लिहून ठेवावे.

वजन आणि अंगकाठी

वहीतले सर्वांत महत्त्वाचे पान वजनाचे. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, सकाळी, खाण्यापूर्वी आणि दरवेळी त्याच काट्यावर वजन करावे. मध्यम आकाराच्या कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि नंतर स्वतःचे वजन वजा करावे. मांजराच्या बाबतीत मात्र ही युक्ती पुरत नाही, कारण ४ किलोचे मांजर ४०० ग्रॅमने उतरले तर त्याच्या अंगाचा दहावा हिस्सा गेलेला असतो आणि घरातल्या उभे राहायच्या काट्यावर तेवढा फरक चुकीतच जिरून जातो. त्यासाठी बाळांचे वजन करण्याचा किंवा सामान तोलण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यावा आणि मांजराला टोपलीत बसवून टोपलीचे वजन वजा करावे. खाण्यात कोणताही बदल केलेला नसताना वजन दहा टक्क्यांनी घटले, तर प्राणी कितीही खेळकर दिसत असला तरी तपासणी करून घ्यावी. म्हातारे मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, तर थायरॉइड ग्रंथी अतिरेकी काम करत असण्याची किंवा मधुमेहाची शक्यता डॉक्टर प्रथम तपासतात.

केवळ आकड्यावर विसंबून चालत नाही, कारण वय वाढले की स्नायू झडतात आणि त्यांची जागा चरबी घेते. काट्याला हा बदल कळत नाही. म्हणून वजनानंतर बरगड्यांवरून बोटे फिरवावीत. आपला हात सपाट पसरून दुसऱ्या हाताची बोटे त्या हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवली असता हाडे जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर अंगकाठी योग्य आहे. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर प्राणी हडकलेला आहे, आणि तळहाताच्या गुबगुबीत भागासारखे लागले तर तो लठ्ठ आहे. पाठीचा कणा, मांड्या आणि डोक्याचा वरचा भाग चाचपून स्नायू उतरले आहेत का, हेही एका शब्दात लिहावे.

अंगकाठीवर एवढा भर देण्यामागे एक जुना अभ्यास आहे. १९८७ मध्ये ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या गेल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर देण्यात आले. २००२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार पोटभर खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे, तर कमी खाणाऱ्या गटाचे १३ वर्षे भरले, आणि सांधेदुखीसारखे दीर्घ आजारही दुसऱ्या गटात उशिरा आले. हा अभ्यास पुरिना या खाद्य बनवणाऱ्या कंपनीचा होता. खाद्य विकणाऱ्यांनीच 'कमी घाला' असे दाखवून दिले, ही त्यातली गंमत. आपल्याकडे मुख्य जेवण मोजून घातले जाते, पण चहाबरोबरचे बिस्किट, आजीच्या हातची पोळी, पाहुण्यांनी टाकलेला शेवेचा घास यांची मोजदाद कोणीच ठेवत नाही. आठवड्यातून एक दिवस निवडून त्या दिवशी तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहावी. पहिल्या आठवड्यात घरातली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतील, ते सोसावे.

पाणी, लघवी आणि रक्ताचे आकडे

पाणी मोजण्यासाठी सकाळी मापाने वाटी भरावी आणि चोवीस तासांनी उरलेले पाणी मोजावे. घरात दोन प्राणी असतील तर त्यांना एक दिवस वेगळे ठेवावे, आणि कुत्रा न्हाणीघरातल्या बादलीतून पाणी पीत असेल तर ती झाकावी. दर किलो वजनामागे दिवसाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिणारा कुत्रा आणि ५० मिलिलिटरच्या वर जाणारे मांजर यांना उशीर न करता दाखवावे. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथींचे अतिरेकी काम ही त्याची नेहमीची कारणे आहेत. नसबंदी न झालेल्या वयस्क मादीने माजानंतरच्या काही आठवड्यांत असे पाणी पिणे सुरू केले आणि ती मलूल दिसली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. तो जीवघेणा आजार आहे आणि त्यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मूत्रपिंडांच्या बाबतीत वही खरी उपयोगी पडते. कुत्र्यांमध्ये साधारणपणे त्यांची दोन तृतीयांश कार्यक्षमता गेल्यानंतर लघवी पातळ होऊ लागते आणि तीन चतुर्थांशाच्या आसपास गेल्यानंतर रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो स्नायूंतला टाकाऊ पदार्थ, मर्यादेबाहेर जाते. याचा अर्थ असा की अहवालात आकड्यापुढे लाल खूण उमटेपर्यंत फार उशीर झालेला असतो. परंतु एखाद्या कुत्र्याचे क्रिएटिनिन चार वर्षे ०.७ राहून यंदा १.३ झाले, तर प्रयोगशाळेच्या लेखी दोन्ही आकडे 'नॉर्मल' असले तरी त्याच्या मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद जवळपास निम्मी झालेली असू शकते. हे फक्त जुने अहवाल समोर असतील तरच दिसते. म्हणून वार्षिक, आणि दहाव्या वर्षानंतर सहामाही, रक्ततपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेतून करून घ्यावी, मिळालेले कागद तारखेवार लावावेत आणि क्रिएटिनिन, साखर, हिमोग्लोबिन, प्लेटलेट असे मोजके आकडे वहीत एका ओळीत उतरवून घ्यावेत. खूप वाळलेल्या प्राण्याचे क्रिएटिनिन स्नायू झडल्यामुळे फसवे कमी दिसते, त्यामुळे त्या वेळी एसडीएमए ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली मूत्रपिंडांची रक्ततपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे.

लघवीचा नमुना सकाळच्या पहिल्या फेरीला घ्यावा. लांब दांड्याचा स्टीलचा डाव स्वच्छ धुऊन, कोरडा करून त्यासाठीच वेगळा ठेवावा आणि कुत्र्याने सुरुवात केल्यावर मागून हळूच पुढे करावा. नमुना स्वच्छ डबीत घालून शक्य तितक्या लवकर पोहोचवावा.

गोचीड ताप आणि 'वय झाले' हा गैरसमज

उबदार, दमट हवेत कुत्र्यांच्या आरोग्याला ग्रासणारी एक गोष्ट थंड देशांत तयार झालेल्या याद्यांमध्ये फारशी ठळक नसते, ती म्हणजे गोचीड. महाराष्ट्रात आणि गोव्यात अंगावरच्या तपकिरी गोचिडीतून पसरणारा एर्लिकिया या जिवाणूचा संसर्ग कित्येक महिने, कधी वर्षभरही दबून राहतो आणि मग मंदपणा, वजनातली घट, फिकट हिरड्या, मध्येच नाकातून रक्त येणे अशा रूपांत वर येतो. सात-आठ वर्षांच्या कुत्र्यात हीच लक्षणे दिसली की घरचे लोक ती म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. त्यामुळे अंगावर गोचीड सापडल्याची प्रत्येक तारीख वहीत लिहावी आणि प्लेटलेट घटल्याचे दिसले तर ती तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगावी. शेजाऱ्याच्या कुत्र्याला दिलेले प्रतिजैविक आपल्या मनाने सुरू करू नये, कारण अर्धवट औषधाने तपासणीचा निकाल गोंधळतो आणि आजारही पुरता जात नाही. ही गोचीड भिंतीच्या भेगांत आणि कोचाच्या शिवणीत अंडी घालते, तेव्हा केवळ कुत्र्याला औषध लावून भागत नाही.

श्वास, चाल आणि रात्रीचे जागरण

प्राणी गाढ झोपलेला असताना छातीची वरखाली तीस सेकंद मोजून आकडा दुप्पट करावा. निरोगी कुत्रा किंवा मांजर झोपेत मिनिटाला तीसपेक्षा कमी श्वास घेते. आठवड्यातून एकदा मोजलेला हा आकडा पूर्वी अठरा असून तो चोविसावर आणि मग तिसाच्या वर सरकत गेला, तर हृदय तपासून घ्यावे. लहान जातींमध्ये हृदयाची झडप झिजणे हा म्हातारपणाचा नेहमीचा आजार आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६० कुत्र्यांच्या चाचणीत, झडपेच्या विकाराने हृदय मोठे झाले आहे पण लक्षणे अजून सुरू झालेली नाहीत अशा अवस्थेत पिमोबेंडान हे हृदयाचे औषध दिल्यास हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सव्वा वर्षाने लांबते, असे दिसून आले. धाप लागेपर्यंत थांबणाऱ्याच्या हातून ही मुदत निसटते. मात्र हे औषध हृदयाची प्रतिमा पाहूनच सुरू करायचे असते, केवळ खोकल्यावरून नव्हे.

सांधेदुखी ओळखण्यात आपण सारेच कच्चे आहोत, विशेषतः मांजरांच्या बाबतीत. बारा वर्षांवरील मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली असता ९० टक्के मांजरांत सांधे झिजल्याच्या खुणा सापडल्या, आणि तरीही लंगडणारे मांजर क्वचितच पाहायला मिळते. मांजर लंगडत नाही, ते उडी मारणेच सोडून देते. फ्रिजवर झोपणारे मांजर खुर्चीवर झोपू लागले, ओट्यावर थेट न चढता मधल्या स्टुलावर थांबू लागले, पाठीवरचे केस चाटून साफ करायचे सोडल्यामुळे तिथे गुंता झाला, तर ते शहाणे झालेले नसून दुखत असण्याची शक्यता अधिक. दर तीन महिन्यांनी कुत्रा चालताना, बसून उठताना आणि जिना चढताना, तसेच मांजर नेहमीच्या जागी उडी मारताना मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करावे, दरवेळी त्याच जागी आणि त्याच कोनातून. औषध सुरू केल्यानंतरही चित्रण चालू ठेवावे, कारण सांधेदुखीच्या औषधचाचण्यांमध्ये ज्या कुत्र्यांना बिनऔषधी गोळी दिली गेली त्यांच्याही मालकांना कुत्रा सुधारल्यासारखा वाटला, हे वारंवार दिसले आहे. आपली आशा आपल्याच डोळ्यांना फसवते, कॅमेऱ्याला नाही. गुळगुळीत टाइल्सवर सतरंजीचे किंवा रबरी मॅटचे पट्टे टाकणे आणि नखे वेळेवर कापणे एवढ्यानेही चाल सुधारते.

घरातली माणसांची वेदनाशामके मात्र देऊ नयेत. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात जखमा होऊन मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

मेंदूचे म्हातारपण रात्री दिसते. १८० कुत्र्यांच्या एका जुन्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्यांपैकी ६८ टक्क्यांत स्मृतिभ्रंशाचे किमान एक लक्षण आढळले होते. कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे, दार उघडण्याच्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला वाट पाहणे, माणसांशी जवळीक कमी होणे, दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या, शिकलेली शी-शूची शिस्त मोडणे, विनाकारण घाबरणे यांपैकी जे दिसेल ते वेळेसह लिहावे. यातली बरीच लक्षणे बहिरेपणा, कमी दृष्टी, दुखणे किंवा लघवीचा संसर्ग यांनीही होतात, म्हणून निदानाचे नाव आपण घरी ठरवू नये. डोळ्यांत निळसर झाक दिसली की तो मोतीबिंदूच असतो असेही नाही. भिंगाचा नैसर्गिक घट्टपणा तशीच झाक देतो आणि त्यात दृष्टी बरीच शाबूत राहते.

अंगावरच्या गाठींसाठी वहीत कुत्र्याची साधी बाह्याकृती काढावी, गाठ असेल तिथे ठिपका द्यावा आणि बाजूला तारीख व मिलिमीटरमधले माप लिहावे. वाटाण्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ महिनाभर टिकली, तर सुईने पेशी काढून तपासून घ्याव्यात. हाताला मऊ लागते म्हणून ती चरबीचीच असेल, हे बोटांना ठरवता येत नाही.

आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांच्या बातम्या

अशी बातमी वाचताना चार गोष्टी शोधाव्यात: प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला, संख्या किती होती, औषध न दिलेला गट होता का, आणि प्रत्यक्ष आयुष्य मोजले की रक्तातली एखादी खूण. रॅपामायसिन या, माणसांत प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधाने उंदरांचे आयुष्य वाढल्याचे अनेकदा सिद्ध झाले आहे. कुत्र्यांत ते घडते का, हे पाहण्यासाठी डॉग एजिंग प्रोजेक्टनेच मोठी चाचणी हाती घेतली आहे. लॉयल या अमेरिकी कंपनीच्या ज्येष्ठ कुत्र्यांसाठीच्या गोळीबाबत तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ च्या सुरुवातीला 'परिणाम अपेक्षित धरण्यास वाजवी आधार आहे' एवढे मान्य केले. तो विक्रीचा परवाना नव्हता. दुकानात मिळणाऱ्या 'वार्धक्यरोधक' पावडरींना या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर बहुधा देता येत नाही, आणि तेच पैसे सहामाही रक्ततपासणीवर खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

दवाखान्यात जाताना सगळी वही डॉक्टरांपुढे ठेवू नये. गेल्या सहा महिन्यांतली वजने, पाणी, श्वास, नवी लक्षणे आणि चालू औषधे एका पानावर उतरवून न्यावीत, मोबाइलमधली दोन चित्रणे तयार ठेवावीत. शेवटच्या काळात, जेव्हा आजार बरा होणार नाही हे स्पष्ट होते, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करावी: आज त्याने आपणहून खाल्ले, उठला आणि कोणी घरी आल्यावर शेपूट हलवली, तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. खूण करण्याचे काम घरातल्या दोन माणसांनी एकमेकांना न दाखवता करावे आणि दोन आठवड्यांनी दोन्ही कॅलेंडरे शेजारी ठेवून डॉक्टरांशी बोलावे.